संगणकाची जोडणी आणि आपली जबाबदारी

(विद्यार्थ्यांची राळेगणसिद्धी येथील शैक्षणिक सहल आटोपल्यानंतर संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. जे पालक त्या दिवशी येऊ शकले नाहीत, त्यांच्यासाठी तो येथे देत आहोत.)





मी कला शाखेचा पदवीधर. बी. ए., बी. एड. झालेला आणि वर्गात इतिहास व मराठी शिकवणारा एक शिक्षक. त्यामुळे 'संगणकाला इंटरनेट कसे जोडावे' या विषयावर मी बोलणार म्हटल्यावर आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु हा विषय अभियंत्यावर सोपवून मोकळे व्हावे असा राहिलेला नाही, हेच मला आज सांगायचे आहे. ज्या घरात मूल शिकते आहे त्या घराचा हा विषय झाला आहे.

प्रथम राळेगणसिद्धीबद्दल दोन शब्द. आपली मुले नुकतीच तेथे जाऊन आली. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्यातले हे गाव अवर्षणग्रस्त पट्ट्यात मोडते. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतले, तेव्हा गावात पाणी नव्हते, शेती पिकत नव्हती आणि दारूच्या भट्ट्या मात्र होत्या. पुढे गावाने नालाबांध घातले, झाडे लावली, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली. हे सारे आपण पाठ्यपुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत वाचलेले आहे. परंतु मुलांनी तेथे ऐकलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. गावात सरकारने बांधलेला पाझर तलाव होता, पण तो पाणी धरीत नव्हता. पाऊस पडे, तलाव भरे आणि पाणी निघून जाई. गावकऱ्यांनी 'सरकारने तलाव दिला, पण नशीबच खोटे' असे म्हणून कपाळाला हात लावला नाही. गळती कोठे आहे ती शोधली, श्रमदानाने ती बुजवली आणि मग खालच्या विहिरींना पाणी आले.

बंधुभगिनींनो, तलाव मिळणे ही एक गोष्ट आणि तलावात पाणी राहणे ही दुसरी. इंटरनेटचेही तसेच आहे. आपल्या देशात सर्वसामान्य माणसासाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. २००४ साली केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले, तेव्हा सेकंदाला २५६ किलोबिट इतक्या वेगाला ब्रॉडबँड म्हणत. २०२३ साली ही किमान मर्यादा २ मेगाबिट झाली. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची, म्हणजे फायबरची तार नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली आणि पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. तलाव बांधले गेले, असे म्हणू या. पण आपल्या घरातील मुलीच्या हातापर्यंत त्यातले किती पाणी पोहोचले? पोहोचत नसेल तर गळती कोठे आहे? हे शोधण्याची कला आपल्या अंगी हवी.

या ठिकाणी मी माझीच एक चूक सांगतो. सांगताना आजही संकोच वाटतो.

२०१० सालची गोष्ट. मी तेव्हा बी. ए. ला होतो. अब्बांनी पै-पै जमवून एक जुना संगणक घेतला. तो बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून आला होता आणि त्यात लिनक्स होते. टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँडची जोडणीही आम्ही घेतली. जोडणी करायला आलेल्या माणसाने मोडेम यूएसबीच्या वायरने संगणकाला लावला, सोबतची सीडी घातली आणि ती चालेना म्हणून सांगितले, "यात नेट चालणार नाही. दुसरी सिस्टीम टाकून घ्या, मग बोलवा." तो गेला. दुसऱ्या सिस्टीमसाठी आमच्याकडे पैसे नव्हते. घरातला शिकलेला मुलगा मी. पण कोणाला विचारायला मला लाज वाटली. "बघतो, करतो" म्हणत मी तीन आठवडे काढले.

माझ्या धाकट्या बहिणीचा पुढील शिक्षणाच्या प्रवेशाचा अर्ज त्या महिन्यात संगणकावरून भरायचा होता. "आता घरीच नेट येईल, घरीच भरू," असे मीच तिला सांगत राहिलो. शेवटच्या दिवशी धावतपळत तालुक्याला गेलो तर वीज नव्हती. वीज आली तेव्हा मुदत संपली होती. बहिणीचे वर्ष गेले.

त्यानंतर काही दिवसांनी ती मोडेम पुसून ठेवीत होती. तिने मला विचारले, "भाईजान, ही मागची दुसरी खाच कशाची?" ती लॅनची खाच होती. तिच्यात बसणारी पिवळी वायर मोडेमच्या खोक्यात पिशवीसकट तशीच पडून होती. ती वायर लावली आणि माझ्या हातून नाव लिहिताना पडलेली एक मोकळी जागा काढून टाकली, तेव्हा दहा मिनिटांत इंटरनेट सुरू झाले. यंत्रात दोष नव्हता आणि लिनक्समध्येही नव्हता. गळती होती ती माझ्या न विचारण्यात. त्या रिकाम्या वर्षात घरात बहिणीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. अम्मीने ठाम नकार दिला म्हणून पुढच्या वर्षी तिने आपला अर्ज आपल्या हाताने, घरी बसून भरला. प्रत्येक घरात अशी अम्मी असेलच असे नाही. म्हणून ही दहा मिनिटांची विद्या आज आपणा सर्वांना द्यावी असे मी ठरवले आहे.

आता कोणी विचारील, लिनक्सच का? लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिची सुरुवात केली. त्याआधी १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली होती. या दोन प्रवाहांतून आजची प्रणाली घडली. ती विकत घ्यावी लागत नाही. तिची प्रत शेजाऱ्याला दिली तर तो गुन्हा होत नाही. आपल्या घरांना आणि शाळांना या दोन गोष्टी मोठ्या आहेत. चोरीची प्रत वापरून मुलाला प्रामाणिकपणाचे धडे देणे आम्हा शिक्षकांना तरी शोभत नाही. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल तिच्या कंपनीने थांबवली. पुढची आवृत्ती अनेक जुन्या संगणकांवर चालत नाही. कार्यालये असे संगणक मोडीत काढतात. त्यांतले पुष्कळसे लिनक्स टाकून मुलांच्या अभ्यासाला आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकतात.

हे केवळ माझे म्हणणे नाही. केरळमधील शाळांत मुले लिनक्सवरच संगणक शिकतात. आपल्या राज्यात २००७ साली रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट येथील लहानशा शाळेत 'दर मुलामागे एक लॅपटॉप' या प्रकल्पातील छोटे संगणक मुलांच्या हाती दिले गेले, त्यांतही लिनक्सच होते. मुंबईच्या आयआयटीने स्पोकन ट्युटोरियल या नावाने लिनक्सचे बोलके धडे तयार केले आहेत. ते मराठीतही आहेत आणि विनामूल्य आहेत. लिनक्समध्ये मराठी टंकलेखनाची सोयही आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. विद्यार्थी मित्रांनो, वही काढा. मी पाच पायऱ्या सांगतो. पाण्याची गळती शोधताना आपण टाकीपासून नळापर्यंत एकेक जोड पाहतो, त्याच क्रमाने चला. मधली पायरी गाळू नका.

पहिली पायरी : दिवे वाचा. भिंतीवरच्या पेटीवर लहान लहान दिवे असतात. ते शोभेचे नाहीत. फायबरच्या पेटीवर 'पॉन' असे लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असावा. 'लॉस' लिहिलेला दिवा लाल लागला, तर प्रकाश तारेतून येत नाही, म्हणजे तार तुटली किंवा निसटली आहे. अशा वेळी संगणकाशी खटपट करण्यात अर्थ नाही. सेवा देणाऱ्याकडे तक्रार नोंदवावी. ही तार काचेची असते, ती दाबून वाकवू नये आणि खिळ्याला गुंडाळू नये. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरची जुनी जोडणी जेथे अजून असेल, तेथे 'डीएसएल' किंवा 'लिंक' लिहिलेला दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर व्हावा लागतो. त्या तारेवर फोनही असेल, तर फोन आणि मोडेम वेगळे करणारी छोटी डबी, म्हणजे स्प्लिटर, मध्ये लावलेली आहे ना, हे पाहावे. ती नसली तर फोन उचलताच नेट तुटते.

दुसरी पायरी : वायर. मोडेमला यूएसबी आणि लॅन अशा दोन्ही खाचा असल्या, तर लॅनचीच निवड करा. यूएसबीने जोडल्यास त्या मोडेमपुरते खास सॉफ्टवेअर लागू शकते आणि सीडीवरचे सॉफ्टवेअर बहुधा विंडोजसाठीच असते. लॅनला असे काही लागत नाही, कारण संगणकातील लॅनचे कार्ड लिनक्स सामान्यतः आपोआप ओळखते. वायर टकदिशी बसल्याचा आवाज आला पाहिजे आणि दोन्ही टोकांच्या खाचांजवळ दिवा लागला पाहिजे. माझ्या बहिणीचे वर्ष गेले ते याच पायरीवर.

तिसरी पायरी : पत्ता. संगणकाला घरातल्या घरात एक पत्ता लागतो. तो पेटीच त्याला देते. लिनक्सच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क या भागात 'वायर्ड' जोडणी उघडा आणि पत्ता 'ऑटोमॅटिक' म्हणजे आपोआप घ्यायचा, असे ठेवा. १९२.१६८ अशा आकड्यांनी सुरू होणारा पत्ता दिसला की समजा, संगणक आणि पेटी एकमेकांशी बोलू लागली.

चौथी पायरी : नाव आणि सांकेतिक शब्द. सेवा देणारा आपल्याला एक वापरनाव व पासवर्ड देतो. यासाठी पीपीपीओई नावाची पद्धत अनेक ठिकाणी वापरली जाते. ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. आता नीट लक्ष द्या. हे नाव दोनपैकी एकाच ठिकाणी भरायचे असते. पेटी राउटर म्हणून काम करीत असेल, तर ते पेटीतच भरलेले असते आणि संगणकावर काहीही करावे लागत नाही. आज बहुतेक घरी असेच असते. पेटी केवळ पूल म्हणून, म्हणजे 'ब्रिज' म्हणून ठेवलेली असेल, तर ते संगणकात भरावे लागते. त्यासाठी लिनक्समध्ये 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क कॉन्फिगरेशन' उघडून नवी जोडणी घ्या, तिचा प्रकार 'डीएसएल/पीपीपीओई' निवडा, नाव व पासवर्ड लिहा आणि जतन करा. लहान व मोठी अक्षरे दिली तशीच लिहा. शेवटी चुकूनही मोकळी जागा सोडू नका. मी ती सोडली होती.

याच पायरीवर एक बारीक दोष संभवतो. काही पाने उघडतात आणि काही अर्धवट अडकतात. माहिती तारेतून पाकिटांच्या रूपाने जाते. लॅनच्या पाकिटात १५०० बाइट मावतात, त्यातले ८ पीपीपीओई स्वतःसाठी घेते. म्हणून संगणकात 'एमटीयू' या रकान्यात १४९२ लिहिले की हा अडथळा बहुधा दूर होतो.

पाचवी पायरी : तीन हाका. एवढे करूनही नेट आले नाही, तर घाबरू नका. लिनक्समध्ये 'टर्मिनल' नावाची काळी खिडकी असते. तिच्यात इंग्रजी अक्षरांत 'पिंग' लिहून, मध्ये मोकळी जागा सोडून, पुढे पत्ता लिहायचा. पिंग म्हणजे हाक मारणे. पलीकडून ओ आली तर ओळी उमटू लागतात. त्या आपोआप थांबत नाहीत; कंट्रोल आणि सी ही बटणे एकत्र दाबून थांबवाव्यात.

पहिली हाक घरातल्या पेटीला मारा. तिचा पत्ता पेटीच्या खालच्या चिठ्ठीवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१. ओ आली नाही, तर गळती घरातच आहे. वायर व पत्ता पुन्हा पाहा. दुसरी हाक बाहेर मारा, ८.८.८.८ या पत्त्याला. हा गूगलचा सार्वजनिक पत्ता आहे. पेटी बोलते पण हा बोलत नाही, असे झाले तर दोष नाव, पासवर्ड, थकलेले बिल किंवा बाहेरची तार यांत शोधा. तिसरी हाक आकड्यांऐवजी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला मारा. आकड्याला ओ येते, नावाला येत नाही, तर नावावरून पत्ता शोधून देणारी वही हरवली आहे. तिला डीएनएस म्हणतात. जोडणीच्या सेटिंग्जमध्ये डीएनएसच्या रकान्यात ८.८.८.८ लिहा, काम होईल.

पाहा, 'नेट चालत नाही' या एका वाक्याचे आपण तीन निश्चित प्रश्न केले. तक्रार करताना 'साहेब, नेट बंद आहे' असे म्हणणारा ग्राहक आणि 'पेटीपर्यंत ओ येते, बाहेर येत नाही, लॉसचा दिवा लाल आहे' असे सांगणारा ग्राहक, या दोघांना मिळणाऱ्या उत्तरात फरक पडतो. अडाणी समजून टोलवून लावणे मग तितकेसे सोपे राहत नाही.

आता पालकांच्या मनातील शंकेकडे येतो. "सर, नेट घरात आणले तर मुले बिघडतील." ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. परंतु मोबाईल तर घरात आलेलाच आहे, आणि तो मूल पांघरुणात घेऊन बसते. त्याऐवजी एक संगणक बैठकीच्या खोलीत, येता-जाता सर्वांना दिसेल असा ठेवा. लिनक्समध्ये प्रत्येक मुलाचे खाते वेगळे करता येते आणि मुख्य पासवर्ड मोठ्यांकडे ठेवता येतो. पेटीचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला; वायफायचा पासवर्ड सोपा ठेवू नका. संगणकाला सुधारणा, म्हणजे अपडेट, वेळच्या वेळी देत जा. आणि संध्याकाळी मुलांबरोबर थोडा वेळ तुम्हीही बसा. पालक शेजारी बसणे यापेक्षा चांगला पहारा मला तरी माहीत नाही.

मुलींच्या पालकांना माझी विशेष विनंती आहे. नीट, सीईटी यांचे अर्ज संगणकावरूनच भरावे लागतात. शिष्यवृत्तीचे अर्जही आता मोठ्या प्रमाणावर तसेच भरले जातात. शेवटच्या दिवशी गर्दीच्या दुकानात मुलीने रात्री बसावे हे तुम्हाला रुचत नाही आणि म्हणून अर्ज राहून जातो. अर्ज राहिला की वर्ष जाते आणि वर्ष गेले की काय होते, ते मी माझ्या घरी पाहिले आहे. जे काम घरात बसून मुलीला स्वतः करता येते, ते तिला शिकू द्या. मोडेमची दुसरी खाच माझ्या आधी तिलाच दिसली होती.

प्रत्येक घराला संगणक परवडणार नाही, हे मी जाणतो. चार घरे मिळून एक जोडणी घेता येईल काय, सेवेच्या नियमांत ते बसते काय, हे विचारावे. ते जमत नसेल तर आपल्या शाळेत संध्याकाळी एक खोली उघडी ठेवता येईल. जुने दोन-तीन संगणक कोणी दिले, तर त्यांवर लिनक्स टाकून द्यायला मी तयार आहे. त्या खोलीचा पहारा आम्ही शिक्षक पाळीने करू. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवू. राळेगणसिद्धीत श्रमदान कुदळ-फावड्याने झाले, आपले श्रमदान एवढे जरी झाले तरी पुष्कळ आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच काम देतो. घरी जा, पेटीवरचे दिवे वाचा आणि कोणता दिवा काय सांगतो ते आई-वडिलांना समजावून द्या. ज्याच्या घरी पेटी नाही त्याने शेजारच्या घरची पाहावी. न समजले तर मला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. मी विचारले नाही, त्याची किंमत दुसऱ्याने भरली.

येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर पिवळी वायर घेऊन मी प्रयोगशाळेत थांबणार आहे. ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे आहे त्यांनी अवश्य यावे.



— संस्थेतील एक सहशिक्षक, बी. ए., बी. एड.